ज्योतिषाला दारातून परत पाठवणारी बाई

मागच्या दिवाळीत धुळ्याला घरी गेले, तेव्हा आईनं एक स्थळ दाखवलं आणि म्हणाली, "तू इंजिनिअर ना? मग पत्रिका तूच जुळवून बघ. बाहेर पाचशे रुपये घेतात."

चिडून का होईना, बसले. गुणमिलन म्हणजे नेमकं काय हे तोवर मला माहीत नव्हतं. तासाभरात कळलं. दोघांच्या चंद्राचं नक्षत्र आणि रास, एवढाच इनपुट. त्यावरून आठ कूटं: वर्णाला १ गुण, वश्याला २, तारेला ३, असं करत नाडीला ८. एकूण ३६. अठराच्या वर गेलं की पास. बाकी सगळी ठरलेली कोष्टकं. मी शंभरेक ओळींचा कोड लिहिला, रन केला आणि साडेएकवीस उत्तर आलं. आईचा चेहरा खुलला.

कोडमध्ये एकही बग नव्हता. पण ही कोष्टकं मुळात खरी कशावरून, हे त्या कोडला विचारायची सोय नव्हती. आणि आईलाही मी ते विचारलं नाही, कारण त्यामागे एक जुनी गोष्ट आहे.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला जळगावला होते तेव्हा पप्पा गेले. चोपन्न वर्षांचे होते. घरी येणाऱ्या एका ज्योतिषानं त्यांना ऐंशी वर्षं दिली होती. पप्पा गेल्यावर मी देवापुढे हात जोडणं सोडलं. आईचे उपवास मात्र दोनाचे चार झाले. घर एकच, मरण एकच, आणि निष्कर्ष दोन. माझा निष्कर्ष विज्ञानातून आला असं मी बरीच वर्षं सगळ्यांना सांगत होते. खरं तर चार वर्षांच्या अभ्यासक्रमात देव आहे की नाही यावर एक ओळही नव्हती. मी रागातून नास्तिक झाले आणि कारण म्हणून डिग्री पुढे केली.

हे सगळं आता सुचायचं कारण म्हणजे बहिणाबाई. शाळेत पाठ केलेल्या बहिणाबाई परत वाचायला घेतल्या आणि त्यांच्या एका कवितेपाशी अडकले. दारात आलेल्या ज्योतिषाला त्या हात दाखवायला नकार देतात, ती कविता.

आधी थोडी माहिती. बहिणाबाई चौधरी १८८० साली जळगावजवळच्या असोद्यात जन्मल्या. शाळेत कधी गेल्या नाहीत. तेराव्या वर्षी लग्न झालं, तरुणपणीच वैधव्य आलं. शेतात आणि जात्यावर ओव्या रचत राहिल्या, त्या मुलानं, म्हणजे कवी सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी टिपून ठेवल्या. १९५१ मध्ये त्या गेल्या. पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक आलं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. ज्या बाईला सही करता येत नव्हती, तिच्या नावाखाली विज्ञानाच्या पदव्या वाटल्या जातात.

त्या कवितेत बोलणारी विधवा आहे. आपलं नशीब आपल्याला कळलेलं आहे, ते सांगायला परका माणूस कशाला, असं ती सुरुवातीलाच बजावते. कपाळावरचं कुंकू पुसलं गेलं तेव्हा त्याखाली काय लिहिलं होतं ते तिला दिसलं. मग ती तळहाताकडे वळते. ज्योतिषी जिथे धनरेषा वाचतो, तिथे तिला भेगा दिसतात, नुसत्या रेघोट्या. ग्रहांबद्दलचं तिचं म्हणणं तर मला फार आवडतं: नशीब ठरवणारे ग्रह स्वतःच भटकत फिरतायत. शेवटी ती देवाकडे फक्त आपल्या दोन मुलांचं सुख मागते. तेवढ्यात तिचं नशीब आलं, त्यासाठी पंचांग उघडायची गरज नाही.

ही कविता दोन प्रकारे वाचली जाते आणि दोन्ही वाचनं मला अर्धी वाटतात.

एक वाचन श्रद्धाळू. बहिणाबाई म्हणजे साधी, देवभोळी आजी. तिच्या ओळी फुलांच्या फोटोवर टाकून सकाळी फॅमिली ग्रुपवर पाठवायच्या. या वाचनात ज्योतिषाला हाकलणं गळून पडतं. दुसरं वाचन आपल्यासारख्यांचं: बघा, निरक्षर बाईसुद्धा अंधश्रद्धेविरुद्ध बोलली! या वाचनात शेवटचं मागणं गळून पडतं. मीही ही कविता एकदा आईविरुद्धच्या वादात वापरली होती, शेवट सोडून.

पूर्ण वाचली तर कविता वेगळंच काही करते. ज्योतिषी सांगतो ते खोटं आहे, असं सिद्ध करायला ती बसत नाही. खरं असलं तरी तिला ते नको आहे. इथे शेजारी जयंत नारळीकरांचा प्रयोग ठेवून बघा. २००८ मध्ये नारळीकरांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्याबरोबर पुण्यात ज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या, त्या मिसळल्या आणि ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस दिल्या. कुंडली कोणत्या गटातली, एवढंच ओळखायचं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आलं असतं.

नारळीकर विचारतात: हे खरं आहे का? बहिणाबाई विचारतात: हे घेऊन मी काय करू? पहिला प्रश्न विज्ञानाचा. दुसरा जगण्याचा, पण तोही बुद्धीचाच. रेषेऐवजी भेग दिसणं हे निरीक्षण आहे. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. हात जात्यावर आणि नांगरटीत झिजलेले असावे लागतात.

मग विज्ञानानं देव जातो की राहतो? आपल्याकडचे दाखले बघितले तर गोंधळ उडतो. इस्रोचे प्रमुख प्रक्षेपणाआधी यानाची छोटी प्रतिकृती घेऊन तिरुपतीला जातात. दुसरीकडे श्रीराम लागू, शिक्षणानं कान-नाक-घशाचे सर्जन, देवाला रिटायर करा असं जाहीरपणे सांगायचे. दाभोलकर स्वतः डॉक्टर, पण त्यांच्या समितीची भूमिका अशी की विरोध देवाला नाही, देवाच्या नावावर होणाऱ्या शोषणाला आहे. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्या कायद्यात देव मानण्यावर बंदी नाही. विज्ञान शिकलेली माणसं या प्रश्नावर अशी चारी दिशांना पांगलेली आहेत. डिग्रीवरून माणसाचा देव ओळखायची चाचणी घेतली, तर निकाल त्या कुंडल्यांसारखाच लागेल असं मला वाटतं.

पण म्हणून बुद्धीचा काहीच परिणाम होत नाही असंही नाही, आणि ते ही कविता दाखवते. देव आहे की नाही, हे तिच्या बुद्धीनं ठरवलेलं नाही. देवाकडे काय मागायचं आणि मध्ये कुणाला उभं राहू द्यायचं, हे मात्र ठरवलं. ज्योतिषी गेला, पंचांग गेलं, हातावरच्या रेषा गेल्या. उरलं एक मागणं, आणि त्यात कुठलंही भाकीत नाही. इतर कवितांमध्येही तिचा देव असाच आहे. बी उगवताना बघून ती त्याला गारुडी म्हणते. तिचं गीता-भागवत पावसात आणि मातीत आहे. बी का उगवतं हे बॉटनीनं सांगितलं म्हणून हा देव धोक्यात येत नाही, कारण त्याला उत्तर म्हणून ठेवलेलंच नाही. तो तिच्या आश्चर्याचं नाव आहे.

इथे माझी एक तक्रार आहे. ज्योतिषाला इतके नेमके प्रश्न विचारणारी ही बाई देवाला फार स्वस्तात सोडते. त्याच्या घरचा धनाचा झरा आटला, असं एकदा टोचते खरं, पण ज्यानं कुंकू नेलं त्याच्याकडेच मुलांचं सुख मागते. मी असते तर आधी हिशेब मागितला असता. पण मग लक्षात येतं, मी हिशेब मागितला होता. उत्तर आलं नाही आणि मी उठून निघून गेले. ती उठली नाही. दोघींपैकी कुणाचं तर्कशास्त्र चुकलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तिच्या मागण्याची चाचणी घेता येत नाही. ही त्याची पळवाट आहे असं एखादा म्हणेल. पण त्यासाठी तिनं कुणाकडून पाचशे रुपये घेतलेले नाहीत आणि कुणाला ऐंशी वर्षांचं वचन दिलेलं नाही.

या उन्हाळ्यात मी ती कविता आईला वाचून दाखवली, या वेळी शेवटापर्यंत. आईची बोली अहिराणी, बहिणाबाईंची लेवा, काही शब्द तिनं परत विचारले. भेगांपाशी तिनं स्वतःचा तळहात उलटसुलट करून पाहिला. ऐकून झाल्यावर एवढंच म्हणाली, "खरं से."

त्यानंतर आलेल्या स्थळाला आम्ही पत्रिका पाठवलेली नाही. आधी मुलाला भेटायचं असं ठरलंय. आईची अट एकच होती, एकवीरेला जाऊन यायचं. गेलो. ती आत गेली, मी बाहेर तिच्या चपलांपाशी उभी राहिले. आत ती काय मागत असेल, हे मला पंचांगाशिवाय माहीत होतं.