कैफियत कीं निवाडा? : मेरी कार्पेंटरबाईंच्या सुधारशाळाविषयक ग्रंथाचें परीक्षण

व्हिक्टोरिया राणीच्या अमदानींत इंग्लंडांतील गुन्हेगार ठरलेल्या मुलांचें काय झालें, याविषयीं जो लिहूं लागतो तो बहुधा ब्रिस्टलच्या मेरी कार्पेंटरबाईंच्या इ. स. १८५१ च्या ग्रंथापासून आरंभ करितो. 'नाशाच्या मार्गावरील व धोकादायक वर्गांतील मुलांसाठीं सुधारशाळा' असा त्याच्या नांवाचा आशय आहे. ग्रंथाची थोरवी आम्हांस मान्य आहे. तथापि कैफियत हातीं आली असतां तिलाच निवाडा समजूं नये, हा दप्तरें चाळणाराचा पहिला धडा. तोच येथें लावून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ग्रंथाची मांडणी सुबक आहे. जीं मुलें अद्याप गुन्ह्यांत पडलीं नाहींत, पण दारिद्र्य व अनास्था यांमुळें पडण्याच्या बेतांत आहेत, तीं पहिल्या वर्गांतलीं. ज्यांस तुरुंगाचा डाग लागला किंवा चोरीवरच ज्यांची गुजराण चालते, तीं दुसऱ्या वर्गांतलीं. त्यांकरितां बाई तीन प्रकारच्या शाळा सुचवितात : गरिबांसाठीं मोफत दिवसशाळा, पोटास अन्न घालून काम शिकविणारी, सक्तीच्या हजेरीची उद्योगशाळा, आणि शिक्षा झालेल्यांसाठीं तुरुंगाऐवजीं सुधारशाळा. मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, व प्रेम आणि विश्वास यांवांचून तें सुधारत नाहीं, हें त्यांचें मुख्य प्रतिपादन. वाइट बेटावर इ. स. १८३८ त मुलांकरितां उघडलेल्या पार्कहर्स्ट तुरुंगावरील टीका याच तत्त्वावर उभी असून ती आम्हांस ग्रंथांतील सर्वोत्तम भाग वाटते. बाई नुसत्या लिहून थांबल्या नाहींत; इ. स. १८५२ त किंग्सवुड येथें, व १८५४ त मुलींसाठीं ब्रिस्टलच्या रेड लॉजमध्यें, त्यांनीं शाळा काढिल्या.

इ. स. १८५४ चा कायदा हें या ग्रंथाचें फळ होय, असें लिहिण्याची वहिवाट आहे. तें अर्धेंच खरें. सदरहू कायद्यान्वयें सोळा वर्षांखालील दोषी मुलास दोन ते पांच वर्षें सुधारशाळेंत ठेवितां येई. परंतु तत्पूर्वीं निदान चौदा दिवसांचा तुरुंगवास भोगणें अवश्य होतें. म्हणजे जो डाग टळावा म्हणून ग्रंथ लिहिला, तोच शाळेच्या दारांतला परवाना झाला! बाई इ. स. १८७७ त निवर्तल्या; ही अट सुटली ती इ. स. १८९९ त. सोळा वर्षांखालील बालकास अर्धेंच प्रायश्चित्त सांगणारें स्मृतिवचन आमच्या वाचकांस परिचित आहे. प्रायश्चित्त व राजदंड एक नव्हेत, हें आम्ही जाणतों. तरी वयाची मर्यादा तीच धरून एकानें भार अर्धा करावा व दुसऱ्यानें तुरुंगावर वर्षांची भर घालावी, हा भेद नजरेआड करण्याजोगा नाहीं.

वरील दोष ग्रंथाचा नव्हे, वाचणारांचा. ग्रंथाचा स्वतःचा दोष पुराव्याचा आहे. साक्षी मुख्यतः कोणाच्या? तुरुंगांतील धर्मोपदेशकांच्या, अधिकाऱ्यांच्या, शाळा चालविणारांच्या. मुलांचें बोलणें येतें तेंही अशांच्याच लेखणींतून गाळून. आईबाप तर साक्षीदार नसून आरोपीच्या पिंजऱ्यांत उभे आहेत. आणि पुढें १८५४ च्या कायद्यानें मुलाच्या पोषणाकरितां त्यांजकडून आठवड्यास पांच शिलिंगांपर्यंत वसूल करण्याचीही मुभा दिली. ज्या मातेचें मूल पांच वर्षें दूर जावयाचें, तिचें म्हणणें काय, हें या ग्रंथावरून कळत नाहीं. प्रेमानें मूल सुधारतें असें सांगणाऱ्या ग्रंथानें त्या मुलावरील पहिल्या प्रेमाची साक्षच घेऊं नये, हा विसंवाद आम्हांस खटकतो. ग्रंथ अवश्य वाचावा, परंतु एका थोर पक्षकाराची कैफियत म्हणून.

बाई इ. स. १८६६ त प्रथम हिंदुस्थानांत आल्या, व १८७६ त येथेंही सुधारशाळांचा कायदा झाला. त्याखालील एखाद्या शाळेचें जुनें दाखलपुस्तक कोणा संग्राहकाच्या हातीं आलें, तर तें रद्दी समजून टाकूं नये. मात्र त्यांतील शेरा कोणाच्या हातचा, हें आधीं पाहावें. ज्या मुलास आपली कैफियत कधीं लिहितांच आली नाहीं, त्याच्याविषयीं निवाडा लिहितांना संशोधकानें घाई करूं नये, एवढेंच आमचें सांगणें.