निघालेला आणि पोहोचलेला

निशापूरच्या फरीदुद्दीन अत्तारने बाराव्या शतकात पक्ष्यांची एक दीर्घ रूपककथा फारसीत रचली. सीमुर्ग या पक्षिराजाच्या शोधाला चला, असं हुदहुद सगळ्यांना म्हणतो आणि लगेच सबबी सुरू होतात. बुलबुलाला गुलाब सोडवत नाही, बदकाला पाणी, ससाण्याला राजाचं मनगट. सात दऱ्या ओलांडून अखेर तीसच पक्षी पोहोचतात, तेही गलितगात्र होऊन. तिथे त्यांना दिसतं ते त्यांचंच रूप. आत्मशोधाच्या आजच्या कथा मला या कथेशेजारी ठेवून वाचाव्याशा वाटतात. वाटेत ज्याने काही गमावलं नाही, त्याला अत्तार शेवटच्या दारापर्यंत नेतच नाही.

पाउलो कोएलोंच्या ‘द अल्केमिस्ट’चा (१९८८) सांगाडाही जुनाच आहे. स्वप्नात दिसलेल्या खजिन्यासाठी दूरदेशी जायचं आणि तो आपल्याच घरी पुरलेला आहे हे तिथल्या माणसाच्या स्वप्नातून कळायचं, ही गोष्ट ‘अरेबियन नाइट्स’मध्ये आहे, रूमीच्या मसनवीतही आहे. रूमीचा माणूस वारसा उधळून कफल्लक झालेला. कैरोत रात्री भीक मागायला निघतो, पहारेकऱ्याचा मार खातो, आणि त्या मारातूनच त्याला घरचा पत्ता लागतो. कोएलोंचा मेंढपाळ सांतियागोही लुबाडला जातो, काचसामानाच्या दुकानात राबतो, पिरॅमिडपाशी मार खातो. त्या दुकानाचा मालक मला पुस्तकातलं सर्वांत खरं पात्र वाटतो. मक्केला जायचं स्वप्न तो आयुष्यभर जपतो, पण जात नाही. ते पुरं झालं तर जगायला काय उरेल, ही त्याची भीती. इथे कथा खोल जाऊ शकली असती. पण मनापासून इच्छा धरली की सारं विश्व मदतीला येतं, हे सूत्र तिला पुढे ओढून नेतं. सांतियागोची इच्छाच खोटी निघाली तर काय, हा प्रश्न ती स्वतःला विचारत नाही. त्याला शेवटी खरोखरच सोनं मिळतं.

स्पेन्सर जॉन्सन यांच्या ‘हू मूव्ह्ड माय चीज?’मध्ये (१९९८) तर चक्रव्यूहात चीज शोधणारा हॉ आपले धडे भिंतीवरच लिहीत जातो. वाचकाने शोधावं असं काही उरत नाही. नोकरी गेलेल्या माणसाला ही कथा नवी वाट धरायला सांगते. चीज कोणी हलवलं, हे मात्र विचारू देत नाही. व्यक्तीच्या वाढीची कथा अशी मालकाच्या सोयीची होते, याचं मला मनापासून दुःख आहे.

रिचर्ड बाक यांचं उदाहरण वेगळं. ‘जोनाथन लिव्हिंग्स्टन सीगल’ (१९७०) ही एका सीगल पक्ष्याची कथा उड्डाणाच्या आनंदाने भरलेली आहे. लेखक स्वतः वैमानिक असल्याने वेग, सूर, पंखांचा कोन यांत अनुभवाची धग आहे. तरी मूळ तीन भागांतला जोनाथन फार सहज गुरुपदाला पोहोचतो. २०१४च्या आवृत्तीत आलेल्या चौथ्या भागात मात्र तो निघून गेल्यावर थवा त्याची पूजा मांडतो, कर्मकांड वाढतं आणि उडणं मागे पडतं. प्रेरणेच्या कथेचं पुढे काय होतं, हे त्या कथेनेच सांगितलं. माझ्या मते हाच तिचा सर्वांत प्रौढ भाग.

मराठीत वि. स. खांडेकरांनी रूपककथेला वाचक मिळवून दिला. त्यांची करुणा अस्सल आहे, पण पुष्कळदा तात्पर्य आधी ठरलेलं आणि पात्रं मागून आलेली जाणवतात. जी. ए. कुलकर्णींनी हा क्रम मोडला. ‘रमलखुणा’तल्या (१९७५) ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोन दीर्घ कथांत प्रतीकं उलगडून हातात पडत नाहीत. चालणाऱ्याला नियती भेटते, दिलासा भेटेलच असं नाही. स्वतःला ओळखणं हे बक्षीस असतं, हे गृहीतकच तिथे डळमळतं. आज दुकानांत प्रेरणादायी अनुवादांचे ढीग लागलेले असताना, मराठीत नवी रूपककथा लिहू पाहणाऱ्याने जी. एं.चा हा अवघड रस्ता आधी चालून पाहावा, असं मला फार वाटतं.