हुकमी चढाईपटू एक की तिघे?

बास्केटबॉलमध्ये आक्रमणाची पद्धत आधी ठरवायची की मोठा खेळाडू आधी घ्यायचा, हा वाद जुनाच. कशेळीत बसून आपण तो कबड्डीवर घासून बघू. इथं चढाई कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

प्रो कबड्डीचा दहावा हंगाम आठवा, २०२३-२४ चा. तेलुगू टायटन्सनी पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाखांवर मोजले आणि संघ तळाला राहिला. आम्ही पवनला दोष देत नाही. चुकली ती पद्धत. बास्केटबॉलमध्ये हुकमी खेळाडूचा नेम चुकला तरी तो मैदानातच असतो. कबड्डीत पकडला गेला की बाहेर! सोबत्यांनी समोरचा गडी बाद करेपर्यंत नुसतं बघत बसायचं. म्हणजे एकावर उभं केलेलं आक्रमण तिथंच थांबलं.

पुणेरी पलटणच्या बी. सी. रमेश यांनी ओझं वाटून दिलं: अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते. अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सवर २८-२५. कर्णधार अस्लम, पण ९ गुण पंकजचे. (काटकसरीचा धडा नव्हे हा, मोहम्मदरेझा शादलूईसाठी त्यांनीही २ कोटी ३५ लाख दिलेच होते.)

आणि हे पहिल्या फटक्यात जमलेलं नाही. २०२२ च्या अंतिम सामन्यात पलटण जयपूरकडून ३३-२९ अशी हरली होती. तरी घडी मोडली नाही. आपल्या मंडळांत दोन सामने हरलो की बाहेरून चढाईपटू आणायची घाई! दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरीला कोण जाणार, हे सामन्याआधी किती जण ठरवतात?