प्रबंध, आराखडा आणि टाचणे

आपल्याकडचे पीएच.डी.चे प्रबंध जाडजूड असतात ही तक्रार जुनी आहे, आणि ते वाचवत नाहीत ही त्याहूनही जुनी. पानोपानी अवतरणे, त्यांना सांधणारी ‘तसेच’, ‘शिवाय’ ही अव्यये, आणि अखेरीस असा निष्कर्ष, की जो पहिल्या प्रकरणाच्या मथळ्यावरूनच कळलेला असतो! आधी आराखडा आखून घ्यावयाचा आणि मग त्याच्या खणांत बसतील तेवढीच टाचणे गोळा करावयाची, म्हणजे दुसरे काय होणार?

ह्या रोगावरचे एक औषध मला उंबेर्तो एको ह्या इटालियन पंडिताच्या पुस्तकात आढळले. प्रबंध कसा लिहावा हे विद्यार्थ्यांना सांगणारे हे पुस्तक १९७७ साली निघाले. इंग्रजीत यावयास मात्र २०१५ साल उजाडले. एकोचा पहिलाच सल्ला चमत्कारिक वाटतो. प्रस्तावना आणि अनुक्रमणिका आपण सर्वांत शेवटी लिहितो. तो म्हणतो, त्या सर्वांत आधी लिहा. परंतु लगेच पुढे सांगतो, की त्या पुन:पुन्हा बदलाव्या लागतील. आमचे विद्यार्थी पहिले वाक्य पाळतात आणि दुसरे विसरतात. मार्गदर्शकांनी मंजूर केलेला आराखडा बदलावयाचा म्हणजे अर्ज करणे आले, हेही खरेच म्हणा.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत महाकोशासाठी १९४८ पासून चिठ्ठ्या जमू लागल्या. सुमारे दीड हजार ग्रंथांतून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या निघाल्या, आणि पहिला खंड १९७६ साली बाहेर पडला. पण कोशकाराला एक सोय असते. कोणती चिठ्ठी कोठे जावयाची हे वर्णमालेने आधीच ठरविलेले असते. प्रबंधकाराला अशी वर्णमाला नाही. त्याने टाचणे टेबलावर पसरावीत, ह्याच्या शेजारी ते ठेवून पाहावे, आणि कोठेच न बसणारे टाचण फेकून न देता आराखड्यालाच जाब विचारावा. सुटे कार्ड वहीपेक्षा श्रेष्ठ ते एवढ्यासाठीच, की ते हलविता येते.

एकोने टाचणांच्या इतक्या जाती सांगितल्या आहेत, की त्या सगळ्या पाळू जाणारा विद्यार्थी कारकून होऊन बसेल. तेथे मी त्याच्या मागे जात नाही. झेरॉक्सविषयी मात्र त्याने नेमके बोट ठेवले आहे. पानांची प्रत हाती आली, की ती वाचल्याचेच समाधान वाटू लागते. आज ही प्रत मोबाईलमध्ये राहते, एवढाच फरक.

पण सर्वांत मोलाची सूचना अगदी लहान आहे. टाचणावर लेखकाचे म्हणणे लिहिताना आपला शेरा निराळ्या रंगात, चौकोनी कंसात घालावा. म्हणजे कोण काय म्हणाले ह्याचा घोटाळा होत नाही.

आता मौज पाहा. संत थॉमस अक्वायनसच्या सौंदर्यविचारावर प्रबंध लिहीत असताना एको एका प्रश्नापाशी अडला होता. पॅरिसमध्ये जुन्या पुस्तकांत त्याला वाले नावाच्या एका फारशा माहीत नसलेल्या धर्मगुरूचे पुस्तक मिळाले, आणि त्यातल्या एका कल्पनेने कोडे सुटले. लहान माणसाकडूनही शिकावे, हे सांगण्यासाठी १९७७ च्या पुस्तकात त्याने वालेचे कृतज्ञतेने स्मरण केले. पुढे एका टीकाकाराने सुचविले, की हा वाले एकोनेच रचलेला असावा. तेव्हा एकोने ते जुने पुस्तक शोधून काढले. वाले होता, पानावर एकोची खूणही होती. नव्हती ती फक्त ती कल्पना! वाचता वाचता ती एकोलाच सुचली होती आणि त्याने ती वालेच्या नावावर जमा केली होती.

हे त्याने स्वत:च जाहीर सांगितले, आणि वालेचे ऋण तरीही मान्य केले. ते पुस्तक हाती आले नसते तर ती कल्पना सुचली नसती, हे त्याला पटले होते. आमच्या प्रबंधांत बहुधा ह्याच्या उलट घडते. दुसऱ्याचे वाक्य टाचणावरून प्रबंधात येईपर्यंत कंस गळून पडतो आणि नाव मात्र आपले राहते.