आपल्याच गाण्यात पाहुणा

वर्ग सुटल्यावर एका विद्यार्थ्याने मोबाइल पुढे धरला आणि विचारले, "सर, हे गाणं आपलं म्हणायचं का?" गाणे होते मुंबईच्या 'स्वदेशी' या रॅप चमूचे 'द वारली रिव्होल्ट'. 2019 सालचे हे गाणे 2020 मध्ये 'चेतावनी' या त्यांच्या पहिल्या अल्बममधून पुन्हा लोकांपुढे आले. कोल्हापुरात शाहिरीची परंपरा मोठी आणि जयंतीच्या मिरवणुकीतला डॉल्बीही मोठा. या दोहोंत वाढलेल्या पोराला रॅप जवळचा वाटतो. आमच्यातल्या काही जाणत्यांना मात्र ती परदेशी नक्कल वाटते.

हा आक्षेप मला मान्य नाही. रॅप जन्मला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये, काळ्यांच्या आणि लॅटिनोंच्या गरीब वस्त्यांत. 'ब्लॅक पँथर'वरून नाव घेऊन ज्यांनी 1972 साली 'दलित पँथर' उभी केली, त्यांच्या वारसांनी या ठेक्याला परका म्हणू नये. गाणे कुठून आले यापेक्षा त्यात कोण बोलतो, हा आपला प्रश्न आहे.

या गाण्यात दोघे बोलतात. एमसी मवाली हा शहरी तरुण मराठीत रॅप करतो. त्याच्यासोबत आहेत प्रकाश भोईर, आरे वसाहतीतल्या केलटीपाड्याचे आदिवासी कार्यकर्ते. मवालीच्या आवाजात संताप आहे आणि तो खरा आहे; पण तो दुसऱ्याच्या दुःखाविषयीचा संताप आहे. भोईर यांचा सूर येतो तेव्हा गाण्याचा पोत बदलतो. तिथे घोषणा उरत नाही, साक्ष सुरू होते. दलित साहित्याने सहानुभूती आणि अनुभूती यांत जो फरक केला, तो या एका गाण्यात कानाने ऐकता येतो.

आणि तरीही गाण्याच्या नावात 'स्वदेशी' पुढे आहे व भोईर 'फीचरिंग' या शब्दानंतर, म्हणजे पाहुणे म्हणून, आले आहेत. ज्याची जमीन, ज्याचे जंगल, तो आपल्याच गाण्यात पाहुणा! हा धंद्याचा रिवाज असेल. पण प्रस्थापित रिवाज मोडण्यासाठीच विद्रोह असतो ना?

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. नावातला 'रिव्होल्ट' 1945 च्या उठावाची आठवण देतो. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तो नोंदवला आहे. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांनी तेव्हा वेठबिगारी आणि लग्नगड्याची गुलामी नाकारली, मजुरीसाठी संप केला. तिथला वारली हा हक्क मागणारा श्रमिक माणूस होता. शहरी पर्यावरणवादी मात्र त्याच्याकडे झाडांचा राखणदार म्हणून पाहतात. या कौतुकाला दुसरी धार आहे. चांदोलीच्या जंगलासाठी उठवलेल्या गावांची मुले माझ्या वर्गात बसतात. तिथेही जंगलच वाचवायचे होते! 'झाडे वाचवा' म्हणताना माणूस विसरला, तर कारशेडवाला आणि अभयारण्यवाला यांत पाड्याच्या लेखी फरक काय? आरेतले 27 पाडे हे आधी घरे आहेत, मग हिरवळ. भोईर आहेत म्हणूनच हे गाणे त्या सापळ्यातून वाचते.

4 ऑक्टोबर 2019 च्या रात्री आरेत कुऱ्हाड पडली. सर्वोच्च न्यायालयाने 7 ऑक्टोबरला तोड थांबवली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे गेली होती. कारशेड 2020 मध्ये कांजूरमार्गला हलवायचे ठरले, 2022 मध्ये ते पुन्हा आरेत आले आणि ऑक्टोबर 2024 मध्ये मेट्रो धावू लागली. मग गाणे हरले का? गाण्याने कुऱ्हाड थांबत नाही. पण आरे म्हणजे मोकळी जमीन, हे खोटे या गाण्याने अनेक तरुणांच्या डोक्यातून काढले. ते कामही थोडे नाही.

पँथरच्या 1973 च्या जाहीरनाम्याने 'दलित' या शब्दात आदिवासींनाही सामावले होते. कागदावरचे ते नाते आपण व्यवहारात किती पाळले? आपल्या संमेलनांत वारली कवी किती? तिथेही तो पाहुणाच ना? त्या विद्यार्थ्याला मी सांगितले, "गाणं आधी भोईरांचं आहे. आपलं व्हायचं असेल, तर त्यांच्या लढ्याला आपण आपला म्हणावं लागेल."