कुशीलवाची साक्ष

ज्यांची साक्ष घेऊं नये अशांत मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायानें कुशीलव, म्हणजे नट, गणिला आहे. नाट्यशास्त्राच्या अखेरीसही ऋषींच्या शापानें भरतपुत्र शूद्रत्वास गेल्याची कथा आहे. १८७२ च्या साक्षीपुराव्याच्या कायद्यानें धंद्यावरून कोणासही अपात्र ठरविलें नाहीं. घराण्यांच्या वंशावळींतून मात्र जुना निर्बंध सहजासहजीं गेला नाहीं. त्यांत वकिलाची हकीकत सविस्तर येते, आणि नाटकमंडळींत गेलेल्या चुलत्यापुढें पुष्कळदां ‘घर सोडून गेले’ एवढेंच असतें. अशा आप्ताचें चरित्र शोधतांना कोणाची साक्ष ग्राह्य धरावी, हा येथें प्रश्न आहे.

उदाहरणार्थ कोल्हटकर हें एकच आडनांव घेऊं. आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत खामगांव व जळगांव-जामोद येथें वकिली केलेले नाटककार श्रीपाद कृष्ण (१८७१–१९३४). किर्लोस्कर मंडळींतील गायक नट भाऊराव (१८६३–१९०१). आणि बळवंत संगीत मंडळीच्या संस्थापकांपैकीं चिंतामणराव (१८९१–१९५९). श्रीपाद कृष्णांचें ‘वीरतनय’ १८९६ सालीं किर्लोस्कर मंडळीनें रंगभूमीवर आणिलें, तेव्हां भाऊराव त्याच मंडळींत होते. एवढ्यावरून दोघांस भाऊबंद ठरविण्याचा मोह होतो. पण एक आडनांव व एक नाटक हा आप्तसंबंधाचा पुरावा नव्हे. उलट भाऊरावांचें मूळ नांव लक्ष्मण बापूजी, आणि प्रेक्षकांच्या तोंडीं ते ‘भावड्या’. कागदांत भाऊराव शोधणाऱ्यास लक्ष्मण समोर येऊनही ओळखूं येणार नाहीं.

मग साक्षीदार कोण? चिंतामणरावांचें ‘बहुरूपी’ (१९५७) ही नटानें स्वतः दिलेली जबानी होय. साहित्य अकादमीनें १९५८ सालीं तिचा गौरव केला. मंडळीचा आंतला व्यवहार नटावांचून कोण सांगणार? तथापि पासष्टीच्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आठवणींतील सनांना दुसरा आधार हवा. आप्पाजी विष्णु कुळकर्णी यांची ‘मराठी रंगभूमि’ १९०३ ची, म्हणजे भाऊरावांच्या निधनानंतर दोनच वर्षांची. काळाची ही जवळीक तिचें बळ आहे. परंतु ग्रंथ अनेक मंडळ्यांचा वृत्तांत देणारा असल्यानें एका नटाच्या घरगुती आयुष्याची अपेक्षा त्याच्याकडून करणें रास्त नव्हे. खेळाचीं हस्तपत्रकें व वृत्तपत्रांतील जाहिराती समकालीन खऱ्या. पण त्या योजिलेला खेळ सांगतात, ऐनवेळीं आजारी पडलेला नट सांगत नाहींत.

तात्पर्य, कुशीलवाची साक्ष घ्यावी आणि उलटतपासणीही करावी. त्याच न्यायानें घरच्या कागदांचीही करावी. ‘घर सोडून गेले’ ही ओळ फाडून टाकूं नये. ती नटापेक्षां लिहिणाऱ्या घराचीच हकीकत अधिक सांगते.