टेबलावरचा खंदक

मराठीत ‘खंदक’ म्हटले की आधी किल्ला आठवतो. तटाबाहेर खणलेला, शक्य तिथे पाण्याने भरलेला चर. तो शत्रूला अडवण्यासाठी असे. त्यात कोणी राहत नसे. पहिल्या महायुद्धात मात्र माणसे खंदकात राहायला गेली. त्या युद्धाच्या पश्चिम आघाडीचे वर्णन करायला आपल्या बखरींतले शब्द आश्चर्य वाटावे इतके पुरतात: वेढा, मोर्चे, सुरुंग, दमदमा, जंग्या. फरक एवढाच, की मधला किल्ला नाहीसा झाला होता आणि दोन्ही सैन्ये एकमेकांनाच वेढा घालून बसली होती.

हे युद्ध आज टेबलावर खेळले जाते. ब्रिटनमध्ये तर मिनिएचर वॉरगेमची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. सहा फूट बाय चार फुटांचे टेबल, त्यावर हाताने केलेली भूमी (या छंदात तिला ‘टेरेन’ म्हणतात), २८ मिलिमीटर उंचीचे रंगवलेले सैनिक, मोजपट्टी, फासे आणि एक नियमपुस्तक. मी हे खेळ खेळतो, नियमपुस्तके जमवतो आणि टेबलेही करतो. ज्या युद्धात लाखो माणसे चिखलात मेली त्याचा खेळ कसा मांडवतो, असे लोक विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण बुद्धिबळापासून सोंगट्यांपर्यंत आपण मरणाचेच खेळ खेळत आलो आहोत, त्यामुळे त्यावर मी फार अडत नाही. माझी तक्रार निराळी आहे. खंदकातल्या माणसाला जे कधीच मिळाले नाही ते हा खेळ खेळणाऱ्याला पहिल्याच क्षणी देऊन टाकतो. ते म्हणजे उंची. टेबलावर वाकलेल्या माणसाला दोन्ही खंदक, मधली काटेरी तार, प्रत्येक खड्डा आणि मशिनगनमागचा प्रत्येक माणूस दिसतो. खंदकातल्या शिपायाला समोर मातीचा बांध, मागे मातीचा बांध आणि वर आकाशाची पट्टी दिसे. डोके वर काढून पाहणारा बहुधा फार वेळ पाहत नसे.

या छंदाचा मूळपुरुष एच. जी. वेल्स. त्याचे ‘लिटल वॉर्स’ १९१३ साली, म्हणजे महायुद्धाच्या आदल्याच वर्षी निघाले. खोलीची फरशी, पुठ्ठ्याची घरे, झाडे म्हणून खोचलेल्या डहाळ्या, विल्यम ब्रिटन कंपनीचे शिशाचे पोकळ सैनिक आणि खरोखर लाकडी गोळी फेकणाऱ्या स्प्रिंगच्या तोफा. पायदळाने एका चालीत एक फूट जायचे, घोडदळाने दोन. त्याच्या खेळात पायदळ गोळी झाडतच नाही. ते फक्त अंगावर जाऊन भिडते. लांबून मारते ती तोफ. हे मला नेहमी विलक्षण वाटत आले आहे. पुढच्या चार वर्षांत नेमके तेच घडले. ब्रिटिश जखमींपैकी निम्म्याहून अधिक तोफांचे आणि उखळी तोफांचे बळी होते. वेल्सला हे भाकीत करायचे नव्हते. हातात स्प्रिंगची तोफ होती म्हणून नियम तसे झाले. त्याच्यानंतरच्या, कितीतरी जास्त अभ्यास करून लिहिलेल्या नियमांत मात्र तोफखाना टेबलाबाहेर गेला. कारण साधे आहे: २८ मिलिमीटरच्या प्रमाणात तोफा दोन-तीन मैल मागे ठेवायच्या तर त्या रस्त्यापलीकडच्या इमारतीत ठेवाव्या लागतील. सोमच्या लढाईआधी सात दिवस मारा चालला, सुमारे पंधरा लाख गोळे पडले. खेळात हे सगळे म्हणजे खेळ सुरू होण्याआधी टाकलेले दोन फासे.

प्रमाणाचा हा हिशेब एकदा नीट मांडून पाहण्यासारखा आहे. २८ मिलिमीटरचा सैनिक म्हणजे साधारण एकास छप्पन्न. या मापाने आपले सहा फुटी टेबल १०२ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद होते. दोन खंदकांमधली कोणाचीच नसलेली जमीन बहुतेक ठिकाणी याहून रुंद होती, म्हणजे खरे तर अख्खे टेबल तिनेच खाल्ले पाहिजे आणि खंदक खोलीच्या दोन भिंतींशी असले पाहिजेत. सर्रास वापरल्या जाणाऱ्या नियमांत रायफलचा पल्ला २४ इंच असतो. मापाने तो ३४ मीटर भरतो. क्रिकेटची सीमारेषासुद्धा खेळपट्टीपासून याहून लांब असते. जे सहा मिलिमीटरचे सैनिक वापरतात त्यांच्या टेबलावर जवळपास साडेपाचशे मीटर मावतात आणि अंतरे बरीच खरी होतात. पण त्या सैनिकांना चेहरे नसतात. चेहरा हवा की अंतर हवे, हे आधी ठरवावे लागते. बहुतेक जण चेहरा निवडतात, आणि मीही त्यांच्यातलाच आहे.

आता खुद्द खंदक. पुरुषभर खोल, म्हणजे दोन मीटरचा खंदक या मापात ३६ मिलिमीटर होतो. तो करायचा कसा? दिवाळीचा किल्ला केलेल्या कोणालाही अडचण लगेच कळेल: माती रचता येते, फरशी खणता येत नाही. म्हणून टेरेन करणारे सगळी जमीनच वर उचलतात. चार सेंटिमीटर जाडीचे फोमचे तक्ते घ्यायचे, त्यांत चर कापायचा, आतून आइस्क्रीमच्या काड्यांच्या फळ्या लावायच्या, तळाशी त्याच काड्यांची जाळीदार पायवाट, वर पोत्यांची रास, मग वाळू, फेव्हिकॉल, गडद तपकिरी रंग, कोरड्या ब्रशाने फिकट हात आणि खड्ड्यांत पाणी दिसावे म्हणून चकाकते वॉर्निश. गणपतीच्या मखराचा थर्माकोल तापत्या तारेने कापलेल्या हातांना हे काम जड नाही. (२०१८च्या बंदीनंतर ते हात रिकामे झाले, ही वेगळी हळहळ.) अख्खे टेबल असे उचलणे महाग पडते आणि तक्ते ठेवायला घरात जागा नसते. म्हणून बहुतेक ठिकाणी फक्त खंदकांचे पट्टे उंच करतात आणि मधली जमीन टेबलाच्या पातळीवरच राहते. परिणाम असा होतो, की प्रेक्षकाला दोन बुटके किल्ले समोरासमोर उभे दिसतात. खोल असायचे ते उंच झाले. हल्ला करणारा सैनिक सपाटीवरून चालत नाही, उतार चढतो. ज्या युद्धाची सारी भीती जमिनीखाली होती, ते पुन्हा तटबंदीचे युद्ध होऊन बसते.

तरी एक जागा अशी आहे जिथे हा उंच खंदक खोटा ठरत नाही. उत्तर फ्रान्समधला न्यव शापेल आणि फेस्त्युबेरचा टापू इतका सखल, की थोडे खणले की पाणी लागे. तिथे खाली जाता येत नव्हते म्हणून पोती आणि माती रचून वर बांध घालावे लागले, म्हणजे आपल्या शब्दांत दमदमे. आणि १९१४-१५च्या हिवाळ्यात याच टापूत लाहोर आणि मेरठ डिव्हिजनचे हिंदी शिपाई उभे होते. स्वस्तात केलेले, जमिनीवर नुसते ठेवलेले खंदकाचे पट्टे ज्या एका आघाडीला शोभतात ती हिंदी कोअरची आहे. पण मी पाहिलेल्या अशा टेबलांवर शिपाई जवळजवळ कधीच नसतात.

रुंदीतही अशीच फसवणूक होते. सैनिकाच्या पायाखालची चकती २५ मिलिमीटरची, दोन सैनिक शेजारून जावेत म्हणून चर पाच सेंटिमीटरचा करतात. मापाने तो २.८ मीटर होतो. त्यातून बैलगाडी जाईल. हे मी माफ करतो, बोटे आत जायला हवीत. माफ करता येत नाही ती सरळ रेषा. खंदक कधीच सरळ नसे. दर काही पावलांवर मातीची आडभिंत सोडून तो वळवलेला असे, म्हणजे एका टोकाला फुटलेल्या गोळ्याचे तुकडे किंवा घुसलेल्या शत्रूची गोळी पूर्ण लांबीभर जाऊ नये. या वळणाला सैनिकी भाषेत ट्रॅव्हर्स म्हणतात. २३-२४ नोव्हेंबर १९१४च्या रात्री फेस्त्युबेरजवळ ३९व्या गढवाल रायफल्सच्या दरवानसिंग नेगींना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो याच वळणांसाठी: डोक्याला आणि हाताला जखमा झालेल्या असताना प्रत्येक पुढच्या आडभिंतीला वळसा घालून सर्वांत आधी पलीकडे जाणाऱ्यांत ते होते. १० मार्च १९१५ला न्यव शापेल इथे, ३५ मिनिटांच्या भडिमारानंतर, त्याच पलटणीच्या गबरसिंग नेगींनी तेच केले आणि ते तिथेच पडले. वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही, आणि कोणीतरी आधी जायला हवे: खंदकयुद्धातले शौर्य बहुतांशी एवढ्या एका कृतीत मावते. सरळ खंदक केला की ते टेबलावरून पुसले जाते. म्हणून कोणाचेही टेबल पाहताना मी आधी वळणे मोजतो, रंगकाम नंतर पाहतो.

नियमांबद्दलही माझी कसोटी हीच आहे: वरून सगळे पाहणाऱ्या खेळाडूकडून ते काय काढून घेतात? टू फॅट लार्डीज या ब्रिटिश मंडळींचे ‘थ्रू द मड अँड द ब्लड’ मला आवडते ते यासाठी. तुकड्या आणि नायक आपापल्या पाळीने चालत नाहीत. गड्डीतून ज्याचे पान निघेल तो हलतो. खेळाडूला सगळे दिसत असते, पण त्याची माणसे नको त्या क्षणी जागची हलत नाहीत. हे नियम लहान तुकड्यांचे आहेत. रात्रीच्या छाप्यासाठी ते मला सर्वांत योग्य वाटतात. पंचवीस माणसे, काळोख, तार कापायची, दोन वळणे साफ करायची, एखादा कैदी घेऊन परतायचे. छाप्याला सुरुवात आणि शेवट असतो, अंतर कमी असते, तोफखाना गप्प असतो. टेबलाला झेपेल एवढाच खंदक त्यात आहे. याउलट सोमची पहिली सकाळ याच टेबलावर मांडणाऱ्याला मी दाद देऊ शकत नाही. तिथे हल्ला करणाऱ्याने करायचे तरी काय? फासे टाकत चालत राहायचे. मग खेळ रंगावा म्हणून मशिनगन थोड्या बोथट करतात, आणि तिथे इतिहास संपतो.

खंदक नुसता वेश म्हणून पांघरणाऱ्या खेळांबद्दल थोडक्यातच लिहितो. ‘वॉरहॅमर ४०,०००’मधली क्रीगची फौज लांब कोट आणि गॅसचे मुखवटे घालून दूरच्या ग्रहावर पहिले महायुद्धच लढते. २०२४मध्ये गाजलेल्या ‘ट्रेंच क्रुसेड’मध्ये धर्मयोद्ध्यांनी १०९९ साली नरकाचे दार उघडलेले असते आणि १९१४ उजाडले तरी खंदकांत सैतानांशी झुंज चालूच असते. कारागिरी अप्रतिम, हेवा वाटावा अशी. पण इथे चिखल म्हणजे केवळ वातावरण, आणि मुखवट्यामुळे मेलेला माणूस कोणीच नसतो. रंगवणाऱ्याची सोय म्हणाल तर डोळे रंगवावे लागत नाहीत.

मिनिएचर नसलेल्या एका खेळाचा उल्लेख मात्र केलाच पाहिजे. ‘द ग्रिझल्ड’ हा २०१५चा फ्रेंच पत्त्यांचा खेळ. चित्रे तिन्यूसची, त्याच वर्षी ७ जानेवारीला शार्ली एब्दोवरच्या हल्ल्यात तो मारला गेला. या खेळात शत्रू नाही, गोळी झाडणे नाही. खेळाडू एकाच गावचे मित्र असतात आणि पाऊस, बर्फ, गॅस, भीती यांतून सगळ्यांना जिवंत आणायचे असते. एका गड्डीखाली शांतीचे कबुतर, दुसरीखाली मृतांची नावे कोरलेले गावातले स्मारक; आधी कोणते उघडे पडते त्यावर हारजीत. टेरेन नाही, उंची नाही, त्यामुळे माझी मूळ तक्रारही इथे उरत नाही.

त्या स्मारकाच्या पानाने मला दुसऱ्या एका दगडाकडे नेले. न्यव शापेलच्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे आहेत. बसऱ्याच्या स्मारकावर साध्या हिंदी शिपायांची नावे नाहीत, पलटणीपुढे नुसते आकडे आहेत. आणि मराठा पलटणींचे खंदकयुद्ध मुख्यतः झाले ते त्याच बाजूला, मेसोपोटेमियात. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सहावी पुणे डिव्हिजन अडकली, तीत १०३वी आणि ११०वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७वी मराठा होत्या. तैग्रिसच्या वळणात वसलेले गाव, वळणाच्या मानेवर खंदकांच्या ओळी, आणि ईशान्य टोकाला मातीच्या भिंतींचा एक किल्ला. २४ डिसेंबर १९१५ला तुर्कांनी त्या किल्ल्यावर चाल केली, भिंतीला खिंडार पडले, हातबाँबची झुंज झाली. बचावात १०३वी होती. वॉरगेमला याहून चांगला प्रसंग मिळणार नाही: मातीचा किल्ला, खिंडार, थोडी माणसे, एक रात्र. मी तो मांडणार आहे. पण कुत म्हणजे ती रात्र नव्हे. त्यानंतरचे चार महिने पुराचे, उपासमारीचे, घोड्याचे मांस खायचे की नाही या प्रश्नाचे होते. सुटकेसाठी आलेले सैन्य हन्ना आणि सन्नय्यातच्या चिखलात काही मैलांवर अडले. त्याचे सुमारे २३,००० सैनिक मेले वा जखमी झाले. कुतमधल्यांना त्याच्या तोफा ऐकू येत होत्या, दिसत काही नव्हते.

म्हणून माझ्या आराखड्यात टेबले दोन आहेत, दोन वेगळ्या खोल्यांत. एकावर कुत, दुसऱ्यावर सन्नय्यात. एका खोलीतल्या खेळाडूने दुसऱ्या खोलीत जायचे नाही. फक्त तिकडे फासे पडल्याचा आवाज ऐकायचा. कुतच्या टेबलावर सैनिकांपेक्षा पिठाच्या पोत्यांना जास्त जागा लागेल आणि दर फेरीला एक पोते उचलले जाईल. एप्रिलमध्ये विमानांनी खरोखरच धान्य टाकले होते. त्यासाठी दोन-तीन पोती परत ठेवायची सोय करता येईल. अडते ते वेळेच्या हिशेबात. डिसेंबर ते २९ एप्रिल १९१६च्या शरणागतीपर्यंतचे १४७ दिवस एका संध्याकाळच्या चार तासांत बसवायचे, तर एका दिवसाच्या वाट्याला जेमतेम दीड मिनिट येते.